मळ जातो कुठे?

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपल्या घरचा दसरा काढून तीन-चार आठवडे उलटले असतील. 'दसरा काढणे' हा शब्दप्रयोग शहरात वाढलेल्या मुलांना कदाचित नवा वाटेल. पण कृष्णाकाठच्या आमच्या वाळवा तालुक्यात तो अजून रोजच्या बोलण्यातला आहे. घट बसायच्या आधी घरातलं होतं नव्हतं तेवढं अंथरूण-पांघरूण बाहेर काढायचं, धुवायचं, वाळवायचं आणि घड्या घालून पुन्हा जागच्या जागी ठेवायचं, याचं नाव दसरा काढणं. वाकळा, चादरी, सतरंज्या, उशांचे अभ्रे, माळ्यावर पडून असलेली पाहुण्यांची पांघरुणं, कुणाचीही त्यातून सुटका नाही. देवीच्या नऊ दिवसांत घरात मळका धागा राहता कामा नये, असा त्यामागचा भाव.

माझ्या लहानपणी हे धुणं बैलगाडीतून नदीवर जाई. वाकळ म्हणजे काय ओझं असतं, हे तिच्याखाली नुसतं झोपणाऱ्याला कळत नाही. तीन-चार जुनी लुगडी, मधे फाटकी धोतरं आणि त्या साऱ्यांतून घातलेला बारीक धावदोरा. कोरडी असताना पोरसुद्धा ती खांद्यावर टाकून पळेल, पण एकदा पाण्यात पडली की दोन बायकांना आवरत नाही. रात्रभर सोड्याच्या पाण्यात भिजलेली वाकळ आजी दगडावर पसरी आणि धोपाटण्याने बडवू लागे. प्रत्येक तडाख्यासरशी काळपट पाणी दगडावरून ओघळे आणि नदीत मिसळून दिसेनासं होई.

आमच्या गावात नदीचाही एक कायदा होता. पिण्याचं पाणी वरच्या अंगाला भरायचं, जनावरं मधे पाजायची आणि धुणं खालच्या अंगाला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. पाण्यात पाय सोडून बसलो असताना एक शंका मनात आली ती मी बोलून दाखवली.

"आजी, आपल्या धुण्याचं हे पाणी खालच्या गावाला प्यायला मिळत असंल की गं?"

धोपाटणं न थांबवता आजी म्हणाली, "आन् वरच्या गावाचं आपण पितोय, त्याचं काय?"

घाटावरच्या बायका हसल्या. मीही हसलो. पण ते उत्तर माझ्या मनात जे रुतून बसलं ते आजपर्यंत निघालेलं नाही.

पुढे शाळेत मास्तर झालो आणि साबणाचं काम मुलांना समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली. साबणाचा कण एका टोकाने पाण्याला धरतो आणि दुसऱ्या टोकाने तेलकट मळाला. असे असंख्य कण मळाभोवती जमतात, त्याला कापडापासून सोडवतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात. रिठ्याच्या फेसाचंही काम असंच चालतं. बोअरचं जड पाणी असेल तर साबण त्यातल्या क्षारांशीच गुंतून पडतो. मग फेस तर येत नाहीच, उलट चादरीवर राखाडी पुट चढतं. हे सारं मी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. त्या आकृतीत एक गोष्ट अगदी उघड दिसते. साबण मळाला मारत नाही. तो त्याला फक्त हलवतो. चादरीवरचा मळ बादलीत जातो, बादलीतला मोरीत, मोरीतला गटारात, गटारातला नदीत. आपण ज्याला स्वच्छता म्हणतो ती पुष्कळदा मळाची बदली असते. आणि बदलीच्या गावी कोण राहतं, याची चौकशी आपण करत नाही.

मळ जर असा हलतच राहणार असेल, तर तो कुणाच्या हातून हलायचा, हा प्रश्न रसायनशास्त्रापुरता राहत नाही. तो नीतीचा होतो. मी कॉलेजची पायरी चढलेला माणूस नाही. मॅट्रिकपुरतं माझं शिक्षण. नीतिशास्त्राचे ग्रंथ माझ्यापाशी नाहीत. मला हा प्रश्न पडला तो मोरीत, बादलीपुढे बसलो असताना. तो कसा पडला, ते सांगतो.

जुन्या गावगाड्यात मळ हलवण्याच्या कामासाठी एक घरच नेमून दिलेलं असे. बारा बलुतेदारांतला परीट तो हाच. माझ्या लहानपणी ही रीत शेवटच्या घटका मोजत होती, त्यामुळे पाहिलं त्याहून आजीच्या तोंडून ऐकलेलं अधिक. मोठ्या वाड्यांचं धुणं न्यायचं, भट्टी लावून कपडे सोड्याच्या वाफेवर शिजवायचे, नदीवर आपटायचे, खळ आणि नीळ करून घड्या पोचवायच्या, आणि सुगीला बलुतं म्हणून धान्य घ्यायचं. दहा घरांच्या चादरी एका भट्टीत पडल्या तरी एका घरची दुसऱ्या घरी जात नसे, कारण परीट चादरीच्या काठाशी बिब्ब्याची खूण करी. कापड विरलं तरी बिब्ब्याचा डाग निघत नाही. डाग काढण्यावर ज्याचं पोट, त्याच्याच हातचा डाग कधी न निघणारा, याची मला तेव्हा मोठी गंमत वाटे.

आज त्या गमतीखाली मला दुसरंच काही दिसतं. बाळंतिणीचं धुणं, सुतकाचं धुणं, जे जे घरच्यांना नकोसं ते ते त्याच घराकडे जाई. आणि ते न्यायला आलेल्या माणसाला ओसरीखाली उभं राहावं लागे. मळ आमचा. चादर पांढरी होऊन आमच्या घरी परत येई, आणि ती पांढरी करणारा माणूस मात्र आमच्या मनात मळकाच राही. त्याचा हा डाग कुणी घातला होता? बिब्ब्याने तर नव्हे!

याच परीट समाजात १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी डेबूजी जन्मले, आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यांना गाडगेबाबा म्हटलं. ते गावात येत ते हातात खराटा घेऊन. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात गावाची मनं झाडायची, असा त्यांचा क्रम. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचा मळ ज्यांच्यावर लादला गेला, त्यांच्यातल्याच एका पुरुषाने तो खराटा साऱ्या गावाच्या हातात द्यावा, याहून मोठा धडा कोणता? २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचं अभियान सरकारने सुरू केलं. आमच्या शाळेत त्यांची जयंती दरवर्षी होते आणि मुख्य भाषण माझ्याकडे असतं. 'श्रमाची प्रतिष्ठा' हा माझा ठेवणीतला विषय. टाळ्याही चांगल्या पडतात.

आता या भाषणबाजाची हकीकत ऐका.

काही वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी पुरी होत आली होती. तिच्यात एक वृद्ध गृहस्थ सहा महिने अंथरुणाला खिळलेले आहेत. खिडकीतून कोवळं ऊन येतं, शुभ्र चादरीवर त्यांचे थकलेले हात विसावलेले असतात, आणि ते मुलाशी जन्ममरणाविषयी बोलतात. हे प्रकरण माझं मलाच इतकं आवडलं होतं, की छापायला पाठवण्याआधी मी ते सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून झालं तेव्हा म्हणाल्या,

"अहो, सगळं छान आहे. पण सहा महिने त्या चादरी धुतं कोण?"

"कोण म्हणजे? घरात सून आहे, कामाला माणसं आहेत."

"एकदाही कुणी चादर बदलताना दिसलं नाही, म्हणून विचारलं."

मला राग आला. कादंबरीत काय आता धोब्याची वही लिहायची? ते प्रकरण मी तसंच छापू दिलं.

त्याच वर्षी, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले नसतील, तोच अण्णांना अर्धांगाचा झटका आला. माझे वडील ते. डावी बाजू गेली. बोलणं अडखळत का होईना, राहिलं. आयुष्यभर परीटघडीचं धोतर नेसलेला, पायरीवर धूळ दिसली तरी कपाळाला आठी घालणारा तो ताठ माणूस चौदा महिने अंथरुणावर होता. दिवसातून दोनदा, कधी तीनदा त्यांची चादर बदलावी लागे.

पहिल्या पंधरवड्यात या चादरी जातात कुठे, हे मी पाहिलंच नाही. सकाळी शाळेला निघताना एक स्वच्छ चादर अंथरलेली असे, संध्याकाळी परत येई तेव्हा दुसरी. हुबेहूब माझ्या कादंबरीतल्यासारखी! मग एके दिवशी सौभाग्यवतींची पाठ धरली, त्यांना वाकता येईना, तेव्हा कुठे तो प्रश्न चालत माझ्यापर्यंत आला. मी तो चटकन सोडवला. आमच्याकडे धुणंभांडी करायला एक मावशी येतात. त्यांना म्हटलं, "मावशी, अण्णांच्या चादरी तेवढ्या तुम्हीच करा. महिन्याला पाचशे रुपये जास्त देतो."

मावशींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "गुरुजी, बाकी समदं धुते. पन त्या चादरी न्हाई."

"का? कमी पडतात का? सातशे देतो."

"पैशाचं न्हाई वो." त्या जरा घुटमळल्या. "माझा सासरा दोन वरसं हांतरुणात हुता. त्याचं समदं मी केलं. कुनी पैसं दिलं न्हाईत, मी मागितलं बी न्हाईत. आता तेच काम पैसं घिऊन कराय लागले, तर मागचं बी मोलाचंच हुतंय की." आणि पुन्हा पातेलं उचलत म्हणाल्या, "तुमास्नी एकांद्या दिशी जमलंच न्हाई, तर सांगा. धुऊन टाकीन तशीच. पन मोलानं न्हाई."

मी खोलीत येऊन बसलो. पैसे देऊनही काम होत नाही याचा राग म्हणावा, तर तो तितका खरा नव्हता. खरी टोचणी निराळी होती. घासाघीस त्या करत नव्हत्या. मी करत होतो. माझ्या वडिलांच्या चादरीला मी आधी पाचशेची आणि मग सातशेची बोली लावली होती. आणि ती ज्या कामाला लावली, त्याच्याकडे मी एकदाही डोळे उघडून पाहिलेलं नव्हतं.

त्या रात्री बादली मी ओढली.

घरात यंत्र आहे ना, असं कुणी विचारील. आहे, पण अशी चादर सरळ यंत्रात टाकता येत नाही. तिच्यावरचं आधी हातानेच काढावं लागतं, आणि प्रश्न असतो तो तेवढ्याच कामाचा. माझी सुरुवात तर फजितीचीच झाली. अण्णांच्या पाठीला पडून पडून जखम झाली होती आणि चादरीवर तिचे रक्ताचे डाग होते. मी मोठ्या उत्साहाने उकळतं पाणी ओतलं. तांबडे डाग तपकिरी झाले आणि कायमचे बसले. उष्णतेने प्रथिनं गोठतात, उदाहरणार्थ उकडलेलं अंडं, हे आठवीच्या वर्गाला मीच शिकवतो! पण फळ्यावरचं अंडं आणि मोरीतली चादर यांची माझ्या डोक्यात कधी गाठ पडली नव्हती. सौभाग्यवती भिंतीला धरून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "रक्ताला आधी गार पाणी, मीठ टाकून. कढत पाणी मागनं."

हे तुला कुणी शिकवलं, असं मी विचारणार होतो. पण शब्द ओठांवरच राहिला. बाईच्या जातीला महिन्याच्या महिन्याला जे गुपचूप धुवावं लागतं, त्याची शाळा वेगळी असते. तिथला मी नापास विद्यार्थीदेखील नव्हतो. माझं नावच त्या शाळेत घातलेलं नव्हतं.

हळूहळू शिकत गेलो. ओली चादर ठेवून द्यायची नाही. जितकी थांबेल तितकी उग्र होते, कारण लघवीतून अमोनिया तयार होत जातो. आधी दोनदा गार पाण्यातून काढायची, मग सोडा घातलेलं कढत पाणी, मग साबण. शेवटी हाताला बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत खळबळायची, कारण कापडात राहिलेला सोडा आजाऱ्याच्या पातळ कातडीला खातो. वाळवायची ती सावलीत नव्हे, कडक उन्हात. उन्हाने वास जातो आणि जंतूही मरतात. अंथरताना सुरकुती राहू द्यायची नाही. हलता न येणाऱ्या माणसाच्या पाठीखाली एक सुरकुती रात्रभर राहिली, तर सकाळी तिथली कातडी लाल झालेली दिसते. चादर ताणून बसवणं ही टापटीप नसून दया आहे, हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळलं.

निळीचीही अशीच एक गंमत झाली. चादरी पिवळट दिसतात म्हणून मी एकदा नीळ घातली, ती न विरघळवता. चादरीवर निळे ढग उठले. अण्णांनी उजव्या हाताने चादर चाचपली आणि तोंड वाकडं असतानाही हसत म्हणाले, "मास्तर, आज आभाळ हांतरलंस काय?" आजारपणातला त्यांचा तो पहिला विनोद. निळीचं शास्त्र असं, की तिने पिवळेपणा जात नाही. तो असतो तिथेच असतो. निळी छटा त्याच्यावर पडली की डोळा फसतो आणि कापड पांढरं भासतं. ती चादर दोरीवर टाकताना मला माझं जयंतीचं भाषण आठवलं. वीस वर्षं मी मुलांसमोर श्रमाच्या प्रतिष्ठेची नीळच घोळत आलो होतो. खालचा पिवळेपणा जिथल्या तिथे होता.

किळस आली का, असं वाचक मनातून विचारत असतील. आली. पहिले आठ दिवस मला नीट जेवण गेलं नाही. किळस येणं हे काही पाप नव्हे. रोगापासून दूर ठेवणारी ती शरीराची राखण आहे. पण ती किती दिवस टिकली म्हणता? तीन आठवडे. त्यानंतर चादर म्हणजे एक काम झालं, जसं वह्या तपासणं हे काम. मी थक्क झालो. ज्या किळसेच्या आधारावर आपण माणसांची उतरंड रचली, अमक्याने हात लावायचा आणि तमक्याने लावायचा नाही असे कायदे केले, ती किळस तीन आठवड्यांच्या सवयीने उतरते! इतक्या कच्च्या पायावर एवढी इमारत उभी होती.

माझी किळस गेली, पण अण्णांची लाज जाईना. रात्री चादर भिजली, की ते चालत्या हाताने पांघरूण ओढून ओल झाकून घेत आणि तसेच पडून राहत. सौभाग्यवतींना ते बदलू देत. मी गेलो की भिंतीकडे तोंड फिरवीत. परक्यापुढे वाटते त्याहून पोटच्या मुलापुढे वाटणारी लाज मोठी असते, हे माझ्या हिशेबात नव्हतं. मला प्रश्न पडला: मी यांची सेवा करतो आहे, की माझ्या मनावरचा डाग यांच्या लाजेच्या दगडावर आपटून धुतो आहे? या प्रश्नाचं उत्तर आजही मला छातीठोकपणे देता येणार नाही.

एका रात्री त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "अण्णा, लहानपणी मी अंथरूण ओलं करतच होतो की. तेव्हा कुणी धुतलं?"

ते आढ्याकडे बघत राहिले. "तुझ्या आईनं."

मग बऱ्याच वेळाने, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मी न्हाई धुतलं. तुझं न्हाई. ती आजारी पडली, तवा तिचं बी न्हाई. एक चादर सुदिक न्हाई."

आई गेली तेव्हा मी तिशीत होतो. शेवटचे चार महिने ती अंथरुणावर होती आणि तिचं करायला आत्या येऊन राहिली होती. मी रोज संध्याकाळी शाळेतून आलो की तिच्या उशाशी बसत असे, तिला पेपर वाचून दाखवत असे, आणि आपण आईची सेवा केली असं समजत असे. त्या खोलीतल्या चादरी कुठे जात होत्या? अण्णांनी आपलं सांगून टाकलं. मी माझं बोललो नाही; पण त्यांना ते कळलं असावं. त्या रात्री त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. मी चादर बदलली तेव्हा ते माझ्याकडे बघत होते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दवाखान्यातल्या आया आणि वॉर्डबॉय रोज परक्यांच्या चादरी मोलानेच उचलतात. त्यांचं काम हलकं का? आणि ज्या घरात करणारं माणूस नाही, ज्याला नोकरी सोडता येत नाही, जिची पाठ मोडली आहे, त्यांनी मदत घेऊच नये का? असं मी म्हणणार नाही. मावशींनी आपल्यासाठी जी रेघ ओढली ती त्यांची होती; तिचा मी सर्वांसाठी नियम करत नाही. अण्णांच्या शेवटच्या काळात आम्हीही रात्रीसाठी एक माणूस ठेवला. फरक एवढाच, की त्याचं मोल ठरवताना मी घासाघीस केली नाही. काम किती आहे ते माझ्या मनगटांना ठाऊक होतं. तो आला की आम्ही दोघं मिळून चादर बदलत असू, आणि सकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात माझ्याच शेजारी बसून चहा घेई. हे मी थोरपणा म्हणून सांगत नाही. दोन महिन्यांपूर्वी ठेवला असता तर त्याचा चहा मी बाहेरच्या ओट्यावर पाठवला असता, हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून सांगतो.

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला साफ करण्याचं काम मागून घेतलं. तुरुंगाच्या रिवाजाप्रमाणे ते ठरावीक जातींच्या कैद्यांनाच दिलं जाई. अप्पांना ते नाकारण्यात आलं, तेव्हा त्यांनी उपोषण केलं. आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास धरला. मी ही गोष्ट वर्गात कित्येकदा सांगितली होती. पण तुरुंगात माणूस सवलत मागतो, सुटका मागतो. यांनी घाण उचलण्याचा हक्क का मागावा, हे मला नीटसं उमगलं नव्हतं. आता थोडं उमगल्यासारखं वाटतं. ज्या मळाला आपला हात कधी लागला नाही, तो दुसऱ्याच्या हातात ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. आधी हात लावावा. मग मदत मागावी. हात लावलेला माणूस मदत मागतो ती वेगळ्या आवाजात. तो मोल देतो ते वेगळ्या हाताने. आणि मदत करणाऱ्याला ओसरीखाली उभं करण्याची त्याची छाती होत नाही.

कबीराच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका भजनात देहाला चादर म्हटलं आहे, आणि ती जशीच्या तशी, डाग न लागू देता परत करणाऱ्याची थोरवी गाइली आहे. असे पुरुष विरळा. आपल्यासारखी माणसं ती मळवतात, भिजवतात, फाडतात. जन्मल्यावर आपली चादर कुणीतरी धुतलेली असते आणि जाताना कुणीतरी धुणार असतं. मधल्या वर्षांत आपण ताठ चालतो आणि चादरी आपोआप पांढऱ्या होतात असं समजतो. त्या मधल्या वर्षांत चार चादरी आपल्या हातून धुतल्या गेल्या, तर हिशेब चुकता होत नाही. पण हिशेब आहे, एवढं तरी कळतं.

अण्णा माघात गेले. गेलेल्या माणसाचं अंथरूण नदीला सोडायची आमच्याकडे रीत आहे. तिऱ्हाइताने गाठोडं बांधूनही ठेवलं होतं. मला आजीचं धोपाटणं आठवलं, आणि मी ते गाठोडं सोडवून घेतलं. खालच्या गावाने आपल्या अण्णांचं अंथरूण का सांभाळावं? भाऊबंद कुरकुरले. मी ते सारं धुतलं, तीन दिवस उन्हात टाकलं आणि घड्या घालून ठेवलं. त्यात आईच्या लुगड्यांची एक वाकळ होती आणि माझ्या पहिल्या रात्रीच्या फजितीची, तपकिरी डागांची ती चादरही होती. ती चादर आता माझ्या अंथरुणावर असते. डाग निघत नाहीत. बिब्ब्याची खूणच समजा. चादर कोणत्या घरची ते विसरायला होत नाही.

यंदाचा दसरा काढताना सौभाग्यवतींना खुर्चीवर बसवलं आणि मी व माझा आठवीतला मुलगा आईची वाकळ घेऊन गच्चीवर गेलो. धुणं झालं, पिळायची वेळ आली. दोन टोकांना दोघं उभे राहिलो आणि जोर करकरून पिळू लागलो. वाकळ नुसतीच गोल गोल फिरत राहिली, पाण्याचा थेंब निघेना.

"अहो, दोघं एकाच अंगाला काय फिरवताय!" सौभाग्यवती ओरडल्या. "एकाने इकडे, एकाने तिकडे!"

मग पिळा बसला. पाणी धो धो करून गच्चीवर पडलं आणि पन्हाळीतून खाली निघालं. पोरगं कठड्यावरून वाकून ते कुठे जातं ते बघू लागलं.

"बाबा, हे पाणी पुढे कुठं जातं?"

आजीचं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते ज्याचं त्याला सापडावं. मी म्हटलं, "ते मागाहून बघू. आधी टोक धर. अजून तीन वाकळा राहिल्यात."